आमची वाटचाल : कोल्हापुरातला आमचा बॅनरचा कारखाना

वडिलांनी सिनेमाची बॅनर रंगवण्याचा कारखाना काढला, तेव्हा कोल्हापूरला हे काम नवे नव्हते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरेही त्यांनी स्वतः काढली. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे त्यांचे पोस्टर आज हाती असलेल्या भारतीय सचित्र पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. जी. कांबळे यांना महाराष्ट्र शिवछत्रपतींच्या चित्रामुळे ओळखतो; पण त्याच हाताने सिनेमाची बॅनरही रंगवली होती, हे फारसे कोणी सांगत नाही आणि याची मला खंत वाटते.

आमच्याकडे चेहरे वडिलांचे आणि अक्षरे मामांची. मामा म्हणजे नात्याने मामा नव्हेत. वडिलांचे पहिले भागीदार, पण सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणे. मांजरपाटाचे तागे शिवून चौकटीवर ताणायचे, वर सरस आणि सफेद्याचा हात द्यायचा, फोटोवर आखलेले चौकोन खडूच्या दोऱ्याने कापडावर मोठे करून मारायचे, आणि मग अळशीच्या तेलात घोटलेला रंग घेऊन चपट्या ब्रशाने गालापासून सुरुवात करायची. आमची खोली अरुंद असल्यामुळे मागे सरकून चित्र पाहण्याची सोय नव्हती. वडील बॅनरकडे पाठ करून हातातल्या दाढीच्या आरशात चेहरा पाहत. आरशात अंतर वाढते आणि वाकडे झालेले नाक लगेच डोळ्यात भरते. नव्याने शिकणाऱ्यांनी मोबाइलवर फोटो काढून तपासण्याऐवजी एकदा हा आरसा वापरून पाहावा. सावलीसाठी तपकिरी रंग वापरू नये, हेही इथेच सांगतो. रात्री दिव्याखाली तो नुसता काळा दिसतो, त्याऐवजी निळा किंवा हिरवा घालावा.

पुढची बरीच वर्षे दर शुक्रवारी नवे काम मिळत गेले आणि घर चालले. त्यापुढचे मात्र विसरता येत नाही.

ज्या थिएटरची बॅनर आम्ही वडिलांच्या काळापासून रंगवत होतो, त्यांचा एका गुरुवारी दुपारी फोन आला की बॅनर आणू नका, वितरकाकडून छापील फ्लेक्स आला आहे. चाळीस फुटांचे बॅनर तेव्हा आमच्या अंगणात वाळत होते आणि नायिकेच्या ओठांवरचा रंग अजून ओला होता. त्या बॅनरचे आणि आधीच्या दोन बॅनरांचे पैसे आजतागायत मिळालेले नाहीत. ती तीन बिले मी फाइलमध्ये जपून ठेवली आहेत. गुरुवारी रात्री बॅनर बांधून झाल्यावर सोमवारी पैसे घेण्याची आमची पद्धत होती. ती चुकीची होती. या धंद्यात कापड फाडण्याआधी निम्मी रक्कम हातात घ्यावी.

त्याहून लागले ते वेगळेच. लहानपणी आमच्याकडे कापड ताणायला येणाऱ्या एका मुलाने कर्ज काढून फ्लेक्सचे यंत्र आणले आणि निम्म्याहून कमी दराने एकेक थिएटर आमच्या हातून नेले. यंत्र आणल्याचा मला राग नाही. दर कमी होता आणि काम तासाभरात होत होते, हे मी मान्य करतो. पण आमच्या दोन चित्रकारांना त्याने फ्लेक्सच्या दोऱ्या बांधायला ठेवले, आणि ज्यांनी राजेश खन्नाचे डोळे रंगवले त्यांना शिडीवर चढवले, हे मला आजही पटत नाही. त्या पावसाळ्यात मामा ट्रकच्या फळ्यांवर अक्षरे लिहीत होते आणि मी दुकानांच्या पाट्या रंगवत होतो. चौकटींचे लाकूड विकायचे, इथपर्यंत वेळ आली होती.

ती विक्री थांबली एका तंबूवाल्या शेटजींमुळे. ते पुसेगावच्या यात्रेपासून गावोगावच्या जत्रांत तंबूतला सिनेमा लावत. त्यांच्याकडे जुन्या चित्रपटांच्या रिळांबरोबर फार तर पोस्टकार्डाएवढा एखादा फोटो असे, आणि तेवढ्याशा फोटोवरून फ्लेक्सवाल्याला मोठे चित्र करता येत नव्हते, छाप फुटत होती. आमच्या चौकोनांना मात्र तेवढा फोटो पुरेसा होता. शिवाय त्यांना कापडच हवे होते, कारण एक जत्रा संपली की बॅनर गुंडाळून ट्रकमध्ये टाकायचे आणि पुढच्या गावी पुन्हा उभे करायचे. त्यांनी एकदम सहा बॅनर सांगितली आणि सगळे पैसे आगाऊ मोजले. मामांनी त्या पैशांतून आधी अळशीच्या तेलाचा डबा आणला, मग घरचा किराणा.

अलीकडे जुनी पोस्टरे जमवणारे लोक दुरुस्तीसाठी आमच्याकडे येतात. कागदी पोस्टर कृपा करून लॅमिनेट करू नका; ते एकदा चिकटले की आम्हालाही सोडवता येत नाही. पाठीमागे पातळ मलमल गव्हाच्या खळीने लावा. रंगवलेले कापड असेल तर घडी घालू नका. ते रंगाची बाजू बाहेर ठेवून जाड नळीवर गुंडाळा. शेटजींची सहापैकी चार बॅनर अशीच गुंडाळून माझ्याकडे ठेवलेली आहेत आणि त्यांच्यावरचा रंग अजून कुठेही तडकलेला नाही.