गिरनार ज्वालामुखी होता का?

दत्तजयंती जवळ आली की बडोद्यातल्या मराठी घरांत सौराष्ट्रातल्या गिरनारच्या वारीची बोलणी सुरू होतात. मी कॉलेजात भूशास्त्र शिकलो आहे हे ज्यांना ठाऊक आहे, ते निघण्यापूर्वी किंवा परतल्यावर एकदा तरी विचारतात, ‘‘काका, गिरनार म्हणजे विझलेला ज्वालामुखी ना?’’ कोणी ते माहितीपत्रकात वाचलेले असते, कोणाला बसमध्ये शेजारच्याने सांगितलेले असते, तर कोणी दत्तशिखराचा सुळका पाहून स्वतःच तसे ठरवलेले असते. जिन्यात उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. ‘नाही’ म्हटले तर विचारणारा खट्टू होतो आणि ‘हो’ म्हटले तर ते खरे नसते. तुम्हीही तेच विचारलेत म्हणून आता जरा सविस्तर लिहितो.

गिरनार ज्या खडकाचा बनलेला आहे, तो वितळलेल्या अवस्थेत कधी जमिनीबाहेर आलाच नाही. तो शिलारस वर चढता चढता जमिनीखाली अडला, तिथेच निवला आणि तिथेच घट्ट झाला. त्याच्या डोक्यावरचे आच्छादन पुढे झिजून गेले, तेव्हा कुठे तो उघडा पडला. ज्वालामुखीशी त्याचे नाते सख्खे आहे, पण तो स्वतः ज्वालामुखी नाही.

हे आपल्याला चटकन पटत नाही, याला पावागड कारणीभूत आहे. पावसाळा संपून हवा निवळली की बडोद्यातल्या एखाद्या उंच गच्चीवरून पूर्वेकडे तो दिसतो, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यातला पहिला डोंगर म्हणून तोच पाहिलेला असतो. पावागड खरोखर लाव्हाचा आहे. खाली बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या, लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत आणि माथ्याकडे रायोलाइट नावाचा, जास्त सिलिका असलेला, दाट लाव्हापासून झालेला खडक आहे. थरांच्या या रचनेमुळे डोंगराला टप्प्याटप्प्यांचा आकार येतो. एक कडा, मग थोडी सपाटी, मग पुन्हा कडा. सुट्टीत पुण्या-नाशकाकडे गेलो की सह्याद्रीतही हेच आडवे पट्टे दिसतात, आणि डोंगर म्हणजे असाच असायचा, अशी नजरेला सवय होऊन जाते. गिरनारच्या मुख्य गाभ्यात हे पट्टे सापडत नाहीत. तिथे भिंतीसारखे सरळ उतरणारे उघडे कातळ आहेत, उभ्या-तिरप्या भेगा आहेत आणि त्या भेगांनी सुटे झालेले, कडा झिजून गोलावलेले प्रचंड धोंडे आहेत. थर नसलेला, सगळीकडून एकसंध वाटणारा असा कातळ दिसला की तो जमिनीच्या पोटात घडला असावा, अशी शंका घ्यायला हरकत नाही.

काळ दोन्ही डोंगरांचा साधारण एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात लाव्हाचे जे अवाढव्य लोट भेगांतून बाहेर पडले, त्यांनी दख्खन, माळवा आणि सौराष्ट्राचा मोठा भाग झाकून टाकला. सौराष्ट्रात हे थर पसरल्यानंतर खालून आणखी शिलारस वर रेटला गेला, पण त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, म्हणून त्याने वरचे थरच उचलून धरले. तव्यावरची भाकरी फुगताना आतल्या वाफेने वरचा पापुद्रा जसा उचलला जातो, तसे ते झाले. फरक एवढाच, की इथे आत वाफेऐवजी तप्त शिलारस होता आणि तो हळूहळू घट्ट होत गेला. उचललेल्या थरांना ताण बसून तडे गेले. तडे गेलेल्या जागी पावसाने आणि वाऱ्याने आपले काम वेगाने केले, आणि घुमटाचा माथा झिजून आतला कठीण गाभा बाहेर आला. त्या काळी वर कुठे लाव्हाचे तोंड असलेच, तर तेही या झिजेत गेले. आपण ज्यावर चढतो ते त्याच्या खूप खालचे आहे.

हे नुसते ऐकून मानायची गरज नाही. चढताना डोळ्यांनी पाहता येते, पण त्यासाठी पायऱ्यांकडे न पाहता पायऱ्यांच्या बाजूला पाहावे लागते. पायऱ्यांचे दगड घडवलेले आणि वर्षानुवर्षे पायांनी गुळगुळीत झालेले आहेत. (एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे जुनागढ संस्थानात लॉटरी काढून त्या पैशातून हा पायरीमार्ग नीट बांधून काढला गेला, ही माहिती ऐकल्यावर आमच्या एका शेजाऱ्यांचा भक्तिभाव क्षणभर डळमळला होता.) बाजूच्या कातळावरही चुना, शेंदूर आणि प्रेमीजनांची नावे यांनी बरीच जागा व्यापलेली असते. तरी वळणावर, पाणी ओघळून स्वच्छ झालेला एखादा हातभर भाग सापडतोच. तिथे डोळा जवळ नेला की दगडात वेगवेगळे दाणे दिसतात: पांढरट, लांबोळे, कडेने सरळ कापल्यासारखे दाणे फेल्डस्पार या खनिजाचे, आणि त्यांच्या मधल्या जागेत बसलेले काळे, चकचकीत दाणे लोह-मॅग्नेशियमयुक्त खनिजांचे. मान थोडी हलवली तर फेल्डस्पारचा एखादा सपाट पृष्ठभाग उन्हात चमकून जातो. हे दाणे नुसत्या डोळ्यांना दिसण्याएवढे मोठे झाले, कारण शिलारस सावकाश निवला. स्फटिकांना वाढायला वेळ मिळाला. उलट लाव्हा उघड्यावर आला की झपाट्याने थंड होतो आणि त्याचे कण इतके बारीक राहतात, की बेसाल्टचा तुकडा बहुतेक ठिकाणी नुसता काळसर, एकजीव दिसतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या जोत्याचा काळा दगड आठवून पाहावा.

गिरनारचा गाभा एकाच खडकाचा नाही. गडद रंगाच्या गॅब्रोपासून डायोराइट, मोंझोनाइट आणि फिकट सायनाइटपर्यंत एका घराण्यातले अनेक खडक तिथे आहेत. माहितीपत्रकात या सर्वांना सरसकट ‘ग्रॅनाइट’ म्हणतात. ते अचूक नाही, कारण ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) भरपूर असतो आणि इथल्या बहुतेक खडकांत तो फारसा नाही, पण जमिनीखाली घडलेला खडक एवढ्या अर्थाने ती चूक क्षम्य आहे. काही ठिकाणी मूळ कातळाला चिरत गेलेला वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो. गाभा घट्ट होऊन त्याला भेगा पडल्यावर उरलासुरला शिलारस त्या भेगांत घुसला आणि तिथेच गोठला. अशा पट्ट्याला डाइक म्हणतात. त्याच्या कडेला बोट लावून पाहावे. थंड कातळाला टेकलेल्या कडेशी कण बारीक असतात आणि मध्याकडे जाडसर होत जातात.

आता अडचण सांगतो. आपली मंडळी रात्रभर प्रवास करून जुनागढला पोहोचतात, भवनाथच्या तळेटीत जरा टेकतात, काठी घेतात आणि ऊन लागू नये म्हणून पहाटे अंधारातच चढायला लागतात. दहा हजारांच्या घरात पायऱ्या असल्यावर हे शहाणपणाचेच आहे; पण मग अर्धा डोंगर विजेरीच्या उजेडात जातो आणि उतरताना गुडघे बोलू लागल्यामुळे मान वर होत नाही. २४ ऑक्टोबर २०२० रोजी अंबाजीच्या देवळापर्यंतचा रोपवे सुरू झाल्यापासून अनेकांचा खालचा टप्पा चालायचाच राहून जातो. रोपवेला माझा विरोध नाही. वयस्कर माणसांना दर्शन घडते ही मोठी गोष्ट आहे, आणि पाळण्यातून समोरच्या कड्यावरच्या भेगांची जाळी जितकी स्पष्ट दिसते तितकी पायऱ्यांवरून दिसत नाही. अरबी समुद्राकडून येणारा वारा जोर धरतो त्या दिवशी मात्र रोपवे बंद ठेवतात, म्हणून केवळ त्याच्या भरवशावर बेत आखू नये. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी निदान एक बाजू चालावी आणि ती उजेडात चालावी, असे माझे मत आहे.

जैन मंदिरे ओलांडून अंबाजीला पोहोचले की चढाचा निम्मा हिशेब झाला. पुढे गोरक्षनाथाचे शिखर लागते. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीचे हे ठिकाण गुजरातमधले सर्वांत उंच आहे. तिथून कमावलेली उंची गमावत बरेच खाली उतरावे लागते आणि मग दत्तशिखराचा शेवटचा उभा चढ येतो. नवख्या माणसाला ही उतरण फार लागते. ज्वालामुखीचा समज ज्याच्यामुळे होतो, तो सुळका हाच. त्याला शंकूचा आकार आला आहे तो मात्र चहूबाजूंनी झीज झाल्यामुळे. वर मुख नाही, खळगा नाही, राख नाही आणि लाव्हाचा ओघळही नाही.

गोरक्षनाथाच्या शिखरावर पाच मिनिटे जास्त थांबून चारी बाजूंना पाहावे. गिरनारच्या मुख्य गाभ्याभोवती, मध्ये खोल दऱ्या सोडून, कमी उंचीच्या टेकड्यांचे गोल कडे आहे. त्या टेकड्यांचा आपल्याकडचा चेहरा उभा आणि पलीकडचा उतार सौम्य आहे. शिलारसाने उचलून धरलेल्या थरांचे हे उरलेले काठ होत. घुमटाचा माथा गेला, कडा राहिल्या, आणि त्यांचे थर अजूनही केंद्रापासून बाहेरच्या दिशेला कललेले आहेत. कार्तिकी एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत जी लीली परिक्रमा होते, तिचा सुमारे ३६ किलोमीटरचा मार्ग गाभा आणि टेकड्यांचे हे कडे यांच्या मधल्या याच रानातून, घोडी नावाचे चढ ओलांडत जातो. ज्यांनी परिक्रमा केली आहे त्यांना गिरनारची रचना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असते. फक्त ती पायांना ठाऊक असते. हे सगळे रान आता अभयारण्य आहे आणि त्यात सिंह आहेत, त्यामुळे खडक पाहायच्या नादात एकट्याने वाट सोडू नये.

टेकड्यांच्या या गोल कड्याला पश्चिमेला, जुनागढच्या बाजूला, पाण्याला बाहेर पडायला वाट आहे, आणि तिचा उपयोग माणसाने फार पूर्वी ओळखला. शहरातून भवनाथकडे जाताना रस्त्यालगत अशोकाच्या शिलालेखांचा धोंडा लागतो. वारीच्या गाड्या तिथे क्वचितच थांबतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. एकाच धोंड्यावर अशोकाचे चौदा आदेश आहेत, महाक्षत्रप (शक राजा) रुद्रदामनाचा इ.स. १५०च्या सुमाराचा संस्कृत लेख आहे आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचाही लेख आहे. नंतरच्या दोन्ही लेखांचा विषय सुदर्शन तलाव. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी पुष्यगुप्त याने तो बांधवला, अशोकाच्या वेळी तुषास्फाने त्याला कालवे काढले आणि रुद्रदामनाच्या कारकिर्दीत मार्गशीर्षात झालेल्या भयंकर वादळी पावसाने ऊर्जयत डोंगरावरून, म्हणजे गिरनारवरून, येणाऱ्या सुवर्णसिकता, पलाशिनी वगैरे नद्यांना पूर येऊन बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल होते, असे लेख सांगतो. मार्गशीर्ष हा आपल्या दत्तजयंतीचा महिना; पावसाळा सरल्यावरही अरबी समुद्रात वादळे उठतात, हे सौराष्ट्राला आजही माहीत आहे. डोंगर उंच, उघड्या कातळाचा, पाणी मुरायला माती थोडी, आणि सगळे ओढे एकाच वाटेने बाहेर पडणारे. बांधावर किती जोर आला असेल याची कल्पना त्या धोंड्याशेजारी उभे राहून वर पाहिले की येते. सुविशाख या अधिकाऱ्याकरवी रुद्रदामनाने तो पुन्हा बांधवला. स्कंदगुप्ताच्या काळात तो परत फुटला आणि परत बांधला गेला.

‘मग इथे समुद्र कुठे होता?’ असा एक उपप्रश्नही मला येतो, कारण जुनागढ किनाऱ्यापासून बरेच आत असूनही तिथे समुद्राचा दगड मिळतो असे कोणी तरी सांगितलेले असते. ते खरे आहे. उपरकोट किल्ला ज्या फिकट पिवळसर दगडावर उभा आहे, तो मिलिओलाइट नावाचा चुनखडक. किनाऱ्यावरच्या शिंपल्यांचा आणि अतिसूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा चुरा होऊन झालेली वाळू वाऱ्याने आत वाहून आणली, ती ढिगाऱ्यांनी साचली आणि चुन्याने सांधली जाऊन दगड झाली. गिरनारच्या मानाने हा दगड अगदी कालचा आहे. तो मऊ असल्यामुळेच अडी-कडी वाव आणि नवघण कुवो या दोन्ही विहिरी बांधून न काढता सरळ दगडातून कोरून काढता आल्या. अडी-कडीच्या पायऱ्या उतरताना दोन्ही बाजूंच्या उंच भिंतींवर तिरप्या, लहरी रेघांचे थर दिसतात. वाळूचे ढिगारे सरकत जातात तेव्हा असे तिरपे थर बसतात.

सोबत सराफ वापरतात तसले दहापट मोठे दाखवणारे भिंग न्यावे. बडोद्याच्या जुन्या शहरात ते सहज मिळते. हातोडी नेऊ नये, अभयारण्यात दगड फोडायला बंदी आहे आणि पाहण्यासाठी फोडण्याची गरजही नाही. अडी-कडी वावेला उतरायला आणि वर यायला बऱ्याच पायऱ्या आहेत, तेव्हा उपरकोट गिरनार उतरल्यावर न ठेवता आदल्या दिवशीच उरकावा.