सेशन रिस्टोअर: जागेपेक्षा नाव महत्त्वाचं

आमच्या इंटरफेस टूलकिटकडे (अ‍ॅपच्या विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) सेशन रिस्टोअरची, म्हणजे अ‍ॅप पुन्हा उघडल्यावर विंडो आधीच्याच जागी आणण्याची, मागणी जुनी होती आणि ती करणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच चित्र होतं. बंद होताना विंडोचे एक्स-वाय लिहून ठेवा, उघडताना तिथेच लावा. काम हाती घेतल्यावर मी आधी वेलँड (लिनक्सवर विंडो दाखवायची नवी पद्धत) तपासलं, आणि बरं झालं. आपली विंडो स्क्रीनवर कुठे आहे हे तिथे अ‍ॅपला कळतच नाही. जागा कंपोझिटर, म्हणजे सगळ्या विंडो स्क्रीनवर मांडणारा प्रोग्रॅम, ठरवतो.

म्हणून एपीआय (अ‍ॅपने टूलकिटला हाक मारायची पद्धत) नावावर उभा केला. अ‍ॅप लिहिणाऱ्याने प्रत्येक विंडोला एक कायमचं नाव द्यायचं, जागा लक्षात ठेवायचं काम ज्या त्या प्लॅटफॉर्मचं. ही कल्पना जुनीच आहे. एक्स११ वर, म्हणजे लिनक्सच्या जुन्या विंडो पद्धतीत, सेशन मॅनेजरने दिलेला क्लायंट आयडी आणि विंडोचा 'रोल' या जोडीवरून विंडो मॅनेजर विंडो ओळखतो. मॅकवर २०११ च्या लायन आवृत्तीपासून सिस्टीमच स्थिती जपते आणि आयडेंटिफायर देऊन तेवढी विंडो बनवून मागते. वेलँडच्या सेशन एक्स्टेन्शनमध्येही सेशन आयडी आणि विंडोचं नाव एवढंच लागतं. फक्त पहिल्या कमिटच्या आत, म्हणजे विंडो पहिल्यांदा कंपोझिटरकडे सोपवण्याआधी, रिस्टोअर मागावं लागतं. त्यामुळे विंडो दिसल्यावर नाव दिलं तर आम्ही सरळ एरर देतो. यावर रिव्ह्यूमध्ये बरीच कुरकुर झाली, पण मी मागे हटलो नाही. गुपचूप न चालणारं फीचर एररपेक्षा वाईट.

सगळ्यात जास्त वेळ विंडोजने खाल्ला. तिथे जागा जपणारं कोणी नाही, सगळं आपणच करायचं. गेट-विंडो-प्लेसमेंट हे विंडोजचं फंक्शन वापरलं की मॅक्सिमाइझ असतानाही मूळ आकार हाती लागतो, हा मोठा फायदा. पण ते आकडे टास्कबार वगळून उरलेल्या भागाच्या हिशेबाने असतात, तर गेट-विंडो-रेक्ट या दुसऱ्या फंक्शनचे पूर्ण स्क्रीनच्या. एकाने वाचून दुसऱ्याने लावलं की टास्कबार वर असलेल्या मशीनवर विंडो दर वेळी टास्कबारच्या उंचीइतकी सरकते. टास्कबार खाली असेल तर काहीच दिसत नाही, म्हणजे बहुतेकांच्या टेस्टमध्ये हे कधी सापडणारच नाही! मिनिमाइझ अवस्था मात्र मुद्दाम जपली नाही. अ‍ॅप उघडल्यावर समोर काहीच आलं नाही, तर माणूस ते पुन्हा उघडतो.

दुसरा मॉनिटर काढून टाकला असेल, तर जवळच्या मॉनिटरवर निदान टायटल बार दिसेल एवढी काळजी घेतली. विंडोतला मजकूर परत आणणं अ‍ॅपकडेच ठेवलंय. डॉक्युमेंटच्या विंडोंना काय नाव द्यायचं यावर अजून वाद चालू आहे. माझं मत फाइलच्या पाथच्या विरोधात आहे, कारण एकच फाइल दोन विंडोंत उघडलेली असू शकते.