जुनं पॉलिश खरवडायची एवढी घाई कशाला

जुनं कपाट किंवा टेबल दुरुस्तीला घेतलं की बहुतेक जण आधी पॉलिश पेपर घेऊन बसतात. माझं म्हणणं, जरा थांबा. स्पिरीटमध्ये कापूस भिजवा आणि मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासून बघा. पॉलिश चिकट होऊन कापसाला लागलं तर ते लाखेचं पॉलिश असणार, आणि मग सगळं खरवडायची बऱ्याचदा गरजच नसते, कारण नव्या हातातलं, म्हणजे नव्या थरातलं, स्पिरीट खालचा जुना थर थोडा विरघळवतं आणि दोन्ही एकजीव होतात. पॉलियुरेथेनमध्ये, म्हणजे हल्लीच्या प्लास्टिकसारख्या वॉर्निशमध्ये, हे सुख नाही, तिथे नवा थर जुन्यावर नुसता बसतो.

मळ आणि जुनं मेण मात्र आधी टर्पेंटाइनने पुसून काढायचं, त्याने लाखेला काही होत नाही.

चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची सुकी लाख) आदल्या रात्री भिजत घालायची, लिटरभर स्पिरीटला साधारण १२० ग्रॅम, आणि सकाळी कापडातून गाळून घ्यायची. लोकांना हे फार पातळ वाटतं, पण पातळच हवं! जाड हात मारला की ब्रशच्या रेघा उठतात आणि आतून वाळतही नाही लवकर. लागेल तेवढीच भिजवा, कारण महिनोन्‌महिने बाटलीत पडलेली लाख नंतर नीट कडक होत नाही, शंका आली तर काचेवर थेंब टाकून बघायचा, दुसऱ्या दिवशीही नख रुतलं तर ओतून द्या सरळ.

आत कापूस, बाहेर धुतलेला सुती कपडा अशी पुरचुंडी करायची आणि लाकडाच्या रेषेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता न्यायची. मध्येच एखादी जागा राहिलेली दिसते, हात शिवशिवतो, पण अर्धवट वाळलेल्यावर परत फिरायचं नाही, ती जागा पुढच्या हातात भरून निघते. पुरचुंडी अडखळायला लागली तर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब पुरतो. खिडक्या उघड्या आणि आसपास गॅस, काडी काही नको, स्पिरीट आहे ते.

हवा दमट असली तर काम पुढे ढकला, नाहीतर पांढरट झाक येते. आली तरी कोरड्या दिवशी स्पिरीटचा जेमतेम ओला बोळा हलकेच फिरवला की बऱ्याचदा जाते.

आणि हो, जेवायच्या टेबलाला लाख मी लावत नाही, गरम भांडं ठेवलं की डाग ठरलेला. कपाट, पेटी, आरशाची चौकट, यांना बिनधास्त लावा.