गाणं पाठ आहे, तरीही

हार्ड रॉकचं एखादं गाजलेलं गाणं स्टुडिओत झालं होतं तसंच्या तसं स्टेजवर वाजवून दाखवलं की माझा विरस होतो. वाजवणाऱ्यांनी घाम गाळलेला असतो, लोक खूश असतात, आणि मला वाटत राहतं की एवढंच होतं तर रेकॉर्ड काय वाईट होती? गाणं मला पाठ आहे. गिटार कुठे वळते, गायक दम कुठे घेतो, सगळं डोक्यात बसलंय. आता मला बघायचंय ते हे लोक त्याला कुठे हात लावतात.

‘डीप पर्पल’ या बँडचा ‘मेड इन जपान’ हा लाइव्ह अल्बम मी पुन्हा पुन्हा लावतो तो त्यासाठीच. ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत मिळून तीन रात्री कार्यक्रम झाले, त्यातून निवडून काढलेली ही गाणी. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ हे मूळचं चारेक मिनिटांचं सुटसुटीत गाणं इथे दहा मिनिटांच्या घरात जातं. कारण मधेच रिची ब्लॅकमोर गिटारवर एक छोटासा तुकडा टाकतो आणि गायक इयन गिलन तो गळ्यातून जसाच्या तसा परत करतो. मग जरा वाकडा तुकडा. तोही परत. मग आणखी वरचा. रिची खोड्या काढतोय आणि गिलन हटायला तयार नाही, हे डोळे मिटूनही दिसतं. शेवटी गिलनची किंकाळी चढत, लांबत जाते आणि सवालजवाब तिथेच मिटतो. दोघांचं आपसात फारसं पटत नव्हतं. पुढच्याच वर्षी गिलन बँड सोडून गेला. सामना इतका चुरशीचा झाला तो कदाचित त्यामुळेच. हा आपला माझा तर्क.

बरं, गाण्याला हात फक्त स्टेजवरचेच लोक लावतात असंही नाही. ‘एसी/डीसी’ या बँडच्या ‘होल लॉटा रोझी’ची सुरुवात आठवून बघा. गिटार एक दणका देते आणि थांबते. पुन्हा दणका, पुन्हा थांबते. १९७७ च्या स्टुडिओतल्या रेकॉर्डवर त्या मधल्या जागा रिकाम्या आहेत. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या अपोलो थिएटरात त्याच जागांमध्ये सगळं थिएटर एका आवाजात ओरडतं, ‘अँगस!’ गिटारवाल्या अँगस यंगचं नाव. बरोब्बर तालात, अर्धी मात्रासुद्धा इकडेतिकडे नाही. हे एकदा कानात बसलं की मूळ रेकॉर्ड ऐकताना आपणच त्या जागा भरायला लागतो. ती ऐकताना कुणीतरी यायचं राहिलंय असं वाटतं.

याच्याही पुढची मजा २००२ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये झाली. ‘रश’ या तिघांच्या बँडचं ‘वायवायझेड’ हे निव्वळ वाद्यांचं गाणं, त्यात एक शब्द नाही. सुरुवातीचा ठेका म्हणजे टोरांटो विमानतळाचं सांकेतिक नाव मोर्स कोडमध्ये वाजवलेलं, तोही पाच-पाच मात्रांत चालणारा, पायानं धरायला गेलं तर हमखास घसरणारा. शब्दच नाहीत तर लोक गाणार काय? त्यांनी गिटारची धून गायली. हजारो माणसं उड्या मारत ‘ओ ओ ओ’ करत ती सबंध धून गातायत! असले श्रोते मिळाले तर वाजवणाऱ्याचा हात हलका पडणं शक्यच नाही.

आणि हो, आवाजाचा मोठेपणा. तो निव्वळ दांडगाई आहे असं समजणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण त्यात एक गंमत आहे. ॲम्प्लिफायर पुरेसा मोठा असला की त्याच्या आवाजानं गिटारची तार पुन्हा थरथरते, तो थरार पिकअपमधून, म्हणजे तारांखाली बसवलेल्या, त्यांची थरथर टिपणाऱ्या भागातून, पुन्हा ॲम्प्लिफायरकडे जातो, आणि सूर विझायचं नावच घेत नाही. वादक दोन पावलं सरकला किंवा नुसता वळला, तरी तो सूर बदलतो. म्हणजे कुठे उभं राहायचं हाही वाजवण्याचाच भाग.

सगळंच मला आवडतं असं मात्र नाही. ‘लेड झेपेलिन’चं ‘मोबी डिक’ स्टेजवर सुरू झालं की ड्रमचा एकल कार्यक्रम वीस मिनिटांवरही जायचा. जॉन बॉनम काठ्या टाकून नुसत्या हातांनी वाजवतो तेवढं मी ऐकतो, बाकीचं सरळ पुढे ढकलतो. शिवाय ‘लाइव्ह’ म्हणून विकलेल्या अल्बमांमध्ये नंतर स्टुडिओत किती डागडुजी झाली, हा जुना वाद आहेच. ‘थिन लिझी’च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’बद्दल निर्माता टोनी व्हिस्कोंटी एक सांगतो आणि बँडमधले दुसरंच. तत्त्व म्हणून मला ठिगळं मान्य नाहीत. तो अल्बम मात्र जाम आवडतो. आता काय करायचं?

वय झालेल्या गायकांचा विषय निघाला की चाहत्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. ‘डीप पर्पल’च्या ‘चाइल्ड इन टाइम’मधल्या त्या चढत जाणाऱ्या किंकाळ्या गिलननं २००२ नंतर कार्यक्रमांतून काढूनच टाकल्या, आणि ते शहाणपणाचं झालं. ‘लेड झेपेलिन’ १० डिसेंबर २००७ ला लंडनच्या ओटू अरिनात एका रात्रीपुरते एकत्र आले, ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. गायक रॉबर्ट प्लँट तेव्हा ५९ वर्षांचा होता. काही गाण्यांची पट्टी उतरवली होती, आणि जिथे पूर्वी तो वर झेपावायचा तिथे काही वेळा खालून वळण घेत होता. मला ती वळणं ऐकायला आवडतात. तरुणपणी त्याला ती सुचायचं कारणच नव्हतं. पट्टी उतरली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी जुनी रेकॉर्ड लावावी, ती कुठे पळून गेलेली नाही.