राहून गेलं

वडाला फेऱ्या मारून झाल्या, दोरा संपला, आणि चपला शोधताना ऐकलं, ताईच्या सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "ही शाळेत गाणं शिकवते. हिचं स्वतःचं मात्र राहूनच गेलं हो." अगदी मायेने म्हणाल्या. मी हसले, वाणाचा आंबा पिशवीत टाकला, घरी आले, आणि आता चार वाजले तरी डोक्यात तेच चाललंय. राहून गेलं. गॅसवर दूध राहून जातं तसं?

मग गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराची सावित्री लावली. या दिवशी दरवर्षी लावतेच. अर्ध्या तासाचा ऑपेरा, तीन गाणारे, मोजकी वाद्यं आणि बायकांचा कोरस, त्याला शब्दच नाहीत. वड नाही, दोरा नाही. सुरुवातीला तर साथसुद्धा नाही, नुसता मृत्यूचा आवाज लांबून येतो, सावित्रीला हाक मारत, आणि मग तिचा आवाज त्यात मिसळतो पण मिळत नाही, दोघं जणू वेगवेगळ्या पट्टीत गातायत. इतक्या वेळा ऐकलंय तरी आजही हातातली खिचडी तशीच राहिली. ती वर म्हणून काय मागते, तर फक्त जीवन. मृत्यू देतो, आणि मग ती म्हणते की सत्यवान नसेल तर ते जीवनच नव्हे.

हे सगळं करणारा माणूस इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमचा, महाभारत-ऋग्वेदासाठी थोडंफार संस्कृत शिकलेला, आणि पेशाने शाळामास्तर. मला त्याच्याबद्दल जे वाटतं त्याचं मूळ तिथेच आहे, उगाच संगीताचं नाव कशाला पुढे करू. पियानोवादक व्हायचं होतं त्याला. उजव्या हाताच्या नसा दुखायच्या, इतक्या की ते सोडावं लागलं. मग ट्रॉम्बोन फुंकणं, मिळेल त्या बँडमध्ये, ऑर्केस्ट्रात. मग १९०५ पासून लंडनच्या हॅमरस्मिथमधली सेंट पॉल्स मुलींची शाळा, ती शेवटपर्यंत, आणि शिवाय मॉर्ली कॉलेजात दिवसभर कामं करून येणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवणं. स्वतःचं लिहिणं रविवारी आणि ऑगस्टच्या सुट्टीत. सीता नावाचा मोठा ऑपेरा लिहिला, कित्येक वर्षं घालवली, १९०६ मध्ये संपवला, स्पर्धेला पाठवला, बक्षीस नाही, आणि तो जिवंत असेपर्यंत कुणी रंगमंचावर आणलाही नाही. सावित्री लिहिली १९०८ मध्ये, पहिला प्रयोग १९१६ मध्ये. आठ वर्षं. या आठ वर्षांत त्याच्याबद्दलही कुणीतरी मायेने म्हणालं असेलच ना, शिकवण्यात राहूनच गेलं हो याचं.

पण त्याचं नाही राहिलं. माझं राहिलं. त्याच्याकडे रविवार होता तसा माझ्याकडेही होताच की, आणि मी त्या रविवारांचं काय केलं? इस्त्री, डोशाचं पीठ, आबांची औषधं. गळ्याचं ते झालं त्यानंतर तर... आणि रेडिओच्या ऑडिशनचं पत्र अजून कपाटात आहे, ते असू दे. हात दुखत असताना त्याने प्लॅनेट्स ही ग्रहांवरची रचना लिहिली, १९१४ ते १९१७, अवाढव्य ऑर्केस्ट्रासाठी, आणि हाताने लिहवेना तेव्हा शाळेतल्या सहकारी शिक्षिका शेजारी बसून उतरवून घ्यायच्या. मला कुणी विचारलं तरी का की तुला उतरवून घ्यायचंय का काही. असं सगळं मनात आलं, रडलेही थोडी.

मग त्याचं ते वाक्य आठवलं. १९२१ मध्ये मित्राला पत्रात लिहिलंय, की न लिहिण्याचा अगदी जाच व्हायला लागत नाही तोवर काही लिहूच नये. हे मी इतरांना कितीदा ऐकवलंय, स्वतःला कधीच विचारलं नव्हतं. तर मला न गाण्याचा जाच होतो का? खरं सांगायचं तर रोज नाही होत. एखाद्या दुपारी होतो, आज झाला, तोही कुणी बोललं म्हणून. पण सातवी ब निषाद खाली धरते ना, त्याचा जाच मला रात्री अंथरुणात पण होतो, पोळ्या लाटताना मी तो निषाद वर ढकलत असते. मग माझं राहून गेलं ते नक्की काय? की ते राहिलंच नाही, दुसरीकडे गेलं? माहीत नाही. होल्स्ट मरायच्या आदल्या वर्षी आजारी होता तरी शाळेतल्या लहान मुलींच्या ऑर्केस्ट्रासाठी ब्रूक ग्रीन सुइट नावाची रचना लिहीत होता, ते काही त्याने उरलेल्या वेळात टाकलेलं काम वाटत नाही ऐकताना.

आणि प्लॅनेट्समधला शेवटचा भाग नेपच्यून, त्याचा शेवट. मुली बाजूच्या खोलीत गातात, दिसत नाहीत, आणि दार हळूहळू बंद करत न्यायचं, आवाज कधी संपला ते कळता कामा नये. २९ सप्टेंबर १९१८ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये पहिल्यांदा वाजलं तेव्हा गाणाऱ्या होत्या त्याच्याच शाळेतल्या आणि मॉर्लीतल्या मुली-बायका. रोज हजेरी घेतल्या जाणाऱ्या.

गेल्या गुरुवारी मी नववीच्या आठ जणींना व्हरांड्यात उभं केलं, काळी चारचा सा दिला, म्हटलं नुसता 'आ'कार लावा, थांबू नका, श्वास आळीपाळीने घ्या. मी आत बाकावर बसले. दाराशी उभी होती ती इंच इंच दार लोटत होती, जीभ दातात धरून. आवाज पातळ होत गेला, सबंध वर्ग मान वाकडी करून ऐकत होता, आणि अगदी शेवटच्या चार बोटांवर बिजागरी करकरली. मुली हसल्या, मीही हसले, तास संपला.

उद्या परत करायचंय. पर्समध्ये खोबरेलाची छोटी बाटली टाकलीये, बिजागरीला पुरेल.