तुम्ही विचारलंत म्हणून : इतकी कडू का करता?

विजयनगरला आमच्या ब्रुअरीत पहिला घोट घेऊन डोळे बारीक झालेला माणूस हे विचारतो. गणपतीत रामबागेत आरती झाली की चुलतभाऊ विचारतात. आणि जिने आयुष्यात बिअर तोंडाला लावलेली नाही ती आमची आत्यासुद्धा विचारते, "अरे, मुद्दाम कडू घालतोस म्हणे? कशाला रे?" आधी पुण्यात आणि आता इथे इंदूरला, मिळून बारा वर्षं मी बिअर बनवतोय. हातात पेला धरून उभ्याउभ्या दिलेलं उत्तर अर्धवट राहतं, म्हणून आज बसून लिहितो.

आत्याला मी म्हटलं होतं, पुरणपोळीबरोबर तू कटाची आमटी का करतेस? ती तिथेच समजली.

बिअरची सुरुवात गोडातून होते. मोड आणून वाळवलेले जव, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात तासभर ठेवले की त्यांच्यातल्या पिठुळ भागाची साखर होते. गाळून निघतो तो काढा, आमच्या भाषेत वर्ट. वाटीभर चाखून बघा, सातूच्या पिठात गूळ सढळ हाताने पडावा तसा लागतो. पुढे यीस्ट त्यातली बरीचशी साखर खातं, पण सगळी नाही. उरलेल्या गोडीला धरणारं काही नसेल तर अर्धा ग्लास झाल्यावर जीभ चिकट होते आणि माणूस कंटाळतो. ते धरण्याचं काम हॉप्स करतात.

हॉप्स ही वेल. तिच्या मादी फुलांचे हिरवे, अंगठ्याच्या पेराएवढे कोन असतात. कोन मधोमध फाडला की पाकळ्यांच्या बुडाशी हळदीसारखी पिवळी भुकटी दिसते. ती ल्युप्युलिन. बोटांवर चोळली की चिकट होते आणि वास हातावर राहतो : संत्र्याची साल, कापलेलं गवत, चिरलेल्या देवदाराचा चीक. आमच्याकडे बहुतेक माल अमेरिका किंवा जर्मनीहून दाबून केलेल्या गोळ्यांच्या रूपात, हवाबंद पाकिटांतून येतो. पाकीट फोडलं की पहिल्या क्षणी मी अजूनही काम थांबवून वास घेतो.

या भुकटीत अल्फा ॲसिड्स असतात. ती जशीच्या तशी पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळत्या काढ्यात त्यांची रचना बदलते, आयसो-अल्फा ॲसिड्स तयार होतात, आणि बिअरचा कडूपणा मुख्यतः त्यांचा. म्हणून सगळा खेळ वेळेचा. उकळी फुटताच घातलेले हॉप्स तासभर शिजून कडूपणा देतात, पण त्यांचा वास वाफेबरोबर निघून जातो. शेवटच्या पाच मिनिटांत घातलेले वास देतात. आणि आंबवण झाल्यावर थंड टाकीत घातलेले, ज्याला ड्राय हॉपिंग म्हणतात, ते तर जवळजवळ वासासाठीच. फोडणीतला कढीपत्ता आणि वरून पेरलेली कोथिंबीर, एवढाच फरक समजा.

मोजायला आयबीयू हे माप आहे. एक लिटर बिअरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा ॲसिड म्हणजे ढोबळमानाने १ आयबीयू. दुकानातली नेहमीची लागर साधारण १० ते २० मध्ये असते, आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, फिकट रंगाची आणि हॉप्स जास्त असलेली बिअर, ४० ते ७०, आणि तिचीच जोरदार बहीण डबल आयपीए १००च्या घरात जाते.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण कडूपणाबद्दल मला जे कळलं ते त्या दिवशी कळलं. गव्हाची बिअर करत होतो, ५०० लिटर. तिला ५ टक्के अल्फाचे ६०० ग्रॅम हॉप्स घालायचे होते. म्हणजे ३० ग्रॅम अल्फा ॲसिड. त्यातला पाव भाग कामी येतो असं धरलं तर साडेसात ग्रॅम, आणि ५०० लिटरला १५ आयबीयू. हिशेब बरोबर होता. फ्रीझरमध्ये दोन चंदेरी पाकिटं शेजारी होती, दोन्हींवर माझ्याच हाताने तारीख घातलेली. काढा थंड होऊन टाकीत गेल्यावर रिकामं पाकीट टाकायला उचललं आणि अल्फाचा छापील आकडा दिसला : १३.२ टक्के. पुन्हा हिशेब केला. ३९ पूर्णांक काहीतरी.

मी स्वतःला समजावलं की ३९ म्हणजे फार नव्हे, आपण ५५ची आयपीए विकतो. दहा दिवसांनी टाकीतून पेलाभर काढली. वरचा फेस छान, गव्हाच्या बिअरला यावा तसा केळ्याचा आणि लवंगेचा वास. घोट घेतला आणि त्या मऊ वासाच्या पाठीमागून जळलेल्या मेथीसारखं काहीतरी आलं आणि जाईचना. मिनिट झालं, पाणी प्यायलो, तरी जिभेच्या मागे तेच. सहकाऱ्याला दिली, त्याने काही न बोलता पेला खाली ठेवला. ५०० लिटर बिअर मी गटारात सोडली. नळ उघडल्यावर टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागतो आणि त्या सगळ्या वेळात मी तिथेच उभा होतो.

म्हणजे ५५ गोड लागते आणि ३९ सहन होत नाही. आयपीएत माल्टचं अंग भरलेलं असतं, अल्कोहोल थोडं जास्त, वरून हॉप्सचा फळांसारखा वास. कडूपणाला टेकायला भिंत असते. त्या गव्हाच्या बिअरमध्ये भिंतच नव्हती. तेव्हापासून कोणी नुसता आकडा विचारला तर मी आधी विचारतो, कुठल्या बिअरचा?

म्हणूनच कडूपणाची जी शर्यत जगभर झाली ती मला पटत नाही. डेन्मार्कच्या मिकेलर ब्रुअरीने तर एका बिअरचं नावच '१००० आयबीयू' ठेवलं. पण आयसो-अल्फा ॲसिड्स बिअरमध्ये विरघळण्यालाच हद्द आहे, ती शंभराच्या आसपास. कागदावर हिशेब करून आकडा कितीही वर नेता येतो, पेल्यात तो उतरत नाही. उतरतो तो तुरटपणा, किलोकिलोने टाकलेल्या पाल्याचा. आपल्याकडे कडू आणि तुरट हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि ग्राहकांनी ते वेगळे वापरावेत अशी माझी मनापासून विनंती आहे. ओठ आत ओढले गेले, हिरड्यांवर सालपटासारखं काही बसलं, तर ते तुरट, कच्च्या केळ्यासारखं. तो बनवणाऱ्याचा दोष, मला येऊन सांगा. स्वच्छ कडूपणा जिभेच्या मागच्या बाजूला उठतो, गोडी पुसतो आणि निघून जातो. आमच्या आईकडच्या काडेचिराइताच्या पाण्याइतका हट्टी तो नसावा.

पाण्याचाही यात हात आहे. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींत जिप्सम भरपूर, त्यामुळे तिथल्या पेल एलचा कडूपणा कोरडा आणि टोकदार लागायचा. इंदूरला आपण नर्मदेचं पाणी पितो. मी ते आरओतून काढतो आणि आयपीएसाठी खाण्याच्या दर्जाचं जिप्सम मोजून घालतो. गव्हाच्या बिअरला घालत नाही.

आयपीएच्या नावात इंडिया कसा, हेही विचारलं जातं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रुअरीचा जॉर्ज हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इकडे पेल एल पाठवायचा, १८२२च्या सुमारास बर्टनचा ऑलसॉप त्या धंद्यात उतरला. हॉप्समधली ॲसिड्स बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना वाढू देत नाहीत, म्हणून लांबच्या प्रवासाला हॉप्स जास्त. पण ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली ही गोष्ट खरी नाही, हॉप्स भरपूर असलेल्या बिअर आधीपासून होत्या. सैनिक तर जास्त करून काळी पोर्टर प्यायचे. महूची छावणी १८१८ची. तिच्यावरून गाडीने जाताना मला हे हटकून आठवतं.

आता ज्यांना खरंच प्यायची आहे त्यांच्यासाठी. कडू चव टिपणारे रिसेप्टर माणसाच्या जिभेवर साधारण पंचवीस प्रकारचे असतात आणि ते सगळ्यांचे सारखे नसतात. एकाच टेबलावर एकाला जे हलकं ते दुसऱ्याला कडूजहर लागू शकतं, तेव्हा कोणाच्या आग्रहाने पिऊ नका. छोटा पेला घ्या. बर्फासारखी गार मागू नका, सात-आठ अंशांवर वास उमलतो. आणि शेजारी खारी शेव ठेवा, आपल्या सराफ्यातली लवंगी नको. मीठ कडूपणा दाबतं, कारल्याला आपण मीठ चोळून ठेवतो त्यात हेही आलंच. तिखट मात्र कडू आयपीएबरोबर भडकतं, निदान माझ्या जिभेवर.

वडोदऱ्याहून आतेभाऊ आला होता. तिकडे दारूबंदी, त्यामुळे त्याला फारसा सराव नाही. पहिल्या घोटाला त्याने तोंड वाकडं केलं, दोन चमचे शेव खाल्ली, दुसरा घोट घेतला आणि म्हणाला, "हे आंब्याच्या सालीसारखं काय येतंय?" ते ड्राय हॉपिंगचं होतं, ५०० लिटरला ३ किलो. पेला त्याने संपवला नाही, पण जाताना गोळ्यांचं फोडलेलं पाकीट पुन्हा एकदा हुंगायला मागितलं.

या आठवड्यात टाकीत ५२ची आहे. शुक्रवारी नळाला लागेल.