ज्याचा टाळ थांबत नाही

कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन म्हणून निवृत्त झालो, आणि त्याच काळात तेवीस वर्षं आमच्या दिंडीची व्यवस्था सांभाळली. या दोन गोष्टी कुणाला कळल्या की पुढचा प्रश्न ठरलेला. अडीचशे माणसं, अठरा-वीस दिवस, वर पाऊस, खाली चिखल. पगार नाही, मेमो नाही, तरी लोक तुमचं ऐकतात कसे? चांगल्या नेत्याचे गुण कोणते? गेल्या वर्षी एका कंपनीने याच विषयावर बोलायला बोलावलं. पडद्यावर पाच रिकामे गोल आधीच काढून ठेवले होते. मी फक्त एकेका गोलात एकेक गुण सांगायचा होता. मला पाच काही सुचले नाहीत. तिथे नीट बोलता आलं नाही, म्हणून आणि तुम्हीही विचारलंत म्हणून, आता लिहितो.

ज्यांनी माऊलींच्या पालखीबरोबर मुक्काम केला नसेल त्यांना आधी समाज आरती सांगायला हवी. पालखी संध्याकाळी तळावर पोचते. सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात, मध्ये पालखी. हजारो टाळ, शेकडो पखवाज एकाच वेळी चालू असतात, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त सांभाळणारे, हातातला चोप, म्हणजे दंड, उंच धरतात. आणि सगळं थांबतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. ड्रोनने काढलेले व्हिडिओ याच क्षणाचे असतात. एका माणसाने हात वर केला आणि अख्खा तळ गप्प झाला, याला लोक नेतृत्व समजतात.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिने थांबायचं नसतं. सगळे गप्प झाले तरी तिचे टाळ खणखणत राहतात. त्या शांततेत तो आवाज लपत नाही. चोपदार त्या दिंडीपाशी जातात, म्हणणं ऐकून घेतात, तोड काढतात. कुणी मधे घुसलं असेल, कुणाला जागा कमी पडली असेल. ते मिटलं की टाळ थांबतात. मग हरवलं-सापडलं पुकारतात, दुसऱ्या दिवशी निघायची वेळ सांगतात आणि आरती होते.

एका वर्षी बरडच्या तळावर आमचा टाळ चालू राहिला. मीच चालू ठेवला होता. फलटणहून येताना दुसरी एक दिंडी आमच्या पुढे लागली होती. वारीत दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो, रथापुढे सत्तावीस आणि बाकीच्या मागे. आम्ही मागच्यांतले, पण आमची जागा आम्हाला प्यारी. मी तावातावाने वाजवत होतो. चोपदार आले. मी बोलायला लागलो. मधे एकदाही तोडलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "सकाळी निघताना तुम्ही जागेवर होता का?" आम्ही नव्हतो. चहाच्या भांड्यांपायी वीस-पंचवीस मिनिटं उशीर झाला होता. "मग त्यांनी तुमच्यासाठी रस्ता अडवून उभं राहायचं होतं का माऊली?" निकाल आमच्या विरुद्ध गेला आणि आमचे टाळ थांबले. रात्री जेवताना माझ्या लक्षात आलं की मला राग आलेला नाही. कारखान्यात मी कित्येकदा बाजू मांडायच्या आधीच जिंकलो होतो, तेव्हासुद्धा असं शांत वाटलं नव्हतं.

ही रचना बसवली हैबतबाबा आरफळकरांनी. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखी सुरू केली, आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबांनी माऊलींचा सोहळा आजच्या रूपात उभा केला. हे गृहस्थ शिंदे सरकारच्या चाकरीतले, त्यामुळे शिस्तीत फौजेचा हात दिसतो. मला मात्र जास्त नवल वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. आळंदीला महाद्वारात त्यांची पायरी आहे. ज्याने एवढा सोहळा उभा केला त्याची समाधी लोकांच्या पायाखालच्या पायरीशी! आमच्याकडे साध्या सोसायटीचा चेअरमनसुद्धा गेटवर फोटोसकट बोर्ड लावतो.

आता माझ्या चुका. दिंडीची वही माझ्याकडे आली ती चुलत्यांकडून, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. पहिल्याच वर्षी माझा गुडघा धरला. पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांबचा, त्यात दिवेघाट. मी कुणाला काही न सांगता "तळ लावायला पुढे होतो" म्हणून ट्रकमध्ये बसलो. सासवडला दोन मुक्काम असतात, तरी गुडघा पुरता उतरला नाही. तिसऱ्या दिवशी जेजुरीला निघताना पाहतो तो ट्रकमध्ये सात धट्टीकट्टी पोरं. प्रत्येकाला तळ लावायचा होता! मी ओरडणार तेवढ्यात तात्या बाजूला घेऊन म्हणाले, "तुझा गुडघा दिसत नाही रे कुणाला. ट्रकात बसलेला माणूस दिसतो." त्या रात्री गुडघ्याची गोष्ट मी सगळ्यांसमोर सांगितली. दुसऱ्या दिवशी पोरं चालत होती, आणि मी खरोखर दुखतंय म्हणून ट्रकमध्ये होतो.

ज्ञानेश्वरीच्या तिसऱ्या अध्यायात माऊली म्हणतात की वडील जे जे करतात त्यालाच लोक धर्म असं नाव देतात आणि तसंच वागतात. ही ओवी सत्कार समारंभात फार ऐकू येते, उत्सवमूर्तीची स्तुती म्हणून. मला ती कधीच स्तुती वाटली नाही. तिचा धाकच वाटतो. वडील जे सांगतात ते नव्हे, जे करतात ते. आणि त्यात ट्रकसुद्धा आला.

दुसरी चूक जास्त मोठी, कारण ती पाच वर्षं चालली. तंबू मी वहीतल्या क्रमाने लावायचो, नाव आधी नोंदवलं त्याचा तंबू आधी. अगदी न्याय. पुरुष लवकर नावं नोंदवत, बायका घरचं बघून शेवटी, त्यामुळे बायकांचे तंबू दरवर्षी पाण्याच्या टँकरपासून लांब. पुरुष उठायच्या आत आंघोळी उरकायच्या म्हणून त्या पहाटे अडीचला उठत होत्या, अंधारात, चिखलातून बादल्या नेत होत्या. दिवसभर डोक्यावर तुळस घेऊन चालायचं ते वेगळंच. पाच वर्षांत एक शब्द नाही. मला वाटत होतं, आपली व्यवस्था चोख आहे, कुणाची तक्रार नाही. शेवटी माळशिरसला सत्तरीच्या एक आजी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाबा, तुझ्या वहीत सगळं बरोबर हाय. पण वही आंगूळ करत न्हाई."

त्याच रात्री तंबू हलवले. टँकरशेजारी बायका, मधे ताडपत्रीचा आडोसा. पण मला झोप लागली नाही. पालखीच्या तळावर तक्रारीला जागा होती, माझ्या तंबूत नव्हती. तिथे गप्प म्हणजे नुसतंच गप्प.

पुढच्या वर्षीपासून हरिपाठ झाला की मी हात वर करायचो आणि सांगायचो, ज्याचं काही असेल त्याने टाळ चालू ठेवा. पहिले काही दिवस कुणीच वाजवला नाही. लोक हसले. तात्यांनाही ते नाटकी वाटलं, तसं ते तोंडावर म्हणाले. शेवटी वाल्ह्याला मागच्या कोपऱ्यातून एक टाळ हळूच वाजत राहिला, एका तरण्या सुनेचा. तिला फक्त सांगायचं होतं की ट्रकचा ड्रायव्हर रात्री मोठ्याने गाणी लावतो. ड्रायव्हर माझा मावसभाऊ होता, हे तिला माहीत होतं. मी त्याला उठवून सगळ्यांदेखत सांगितलं. त्यानंतर टाळ रोज वाजू लागले. कधी कधी तर जेवणाला उशीर व्हायचा, आणि सगळ्याच तक्रारी काही शहाण्या नसायच्या.

यंदा वही पुतण्याला दिली. लोणंदला मी मागच्या रांगेत बसलो होतो, कडेला. हरिपाठ संपला, त्याने हात वर केला, सगळे थांबले. मी वाजवत राहिलो. पोरगं जरा गडबडलं. मग उठून, माणसांतून वाट काढत आलं आणि माझ्यापुढे उकिडवं बसलं.

"काय झालं काका?"

"चहात साखर फार पडते."

त्याने वही काढली आणि लिहून घेतलं.